नवी घोडी, अकरा वर्षांची स्वार : बॅरल रेसिंगच्या प्रकल्प नोंदी

टेक्सासमधील स्टीफनविलजवळच्या आमच्या घरी मी जी वही ठेवते, तिच्यातील फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२५ या काळातल्या नोंदी येथे देत आहे. आमची अकरा वर्षांची लेक एका शांत, वयस्कर घोड्यावर बॅरल रेसिंग, म्हणजे तीन पिंपांभोवती वळणे घेत घोडा पळवण्याची वेळेची शर्यत, शिकली. त्या घोड्याचे सांधे धरल्यामुळे तो आता निवृत्त झाला आणि त्याच्या जागी शर्यतीत मुरलेली, वेगवान घोडी आली. शाळेतल्या मैत्रिणींच्या नादाने किंवा फोर-एच या मुलांसाठीच्या अमेरिकी संस्थेच्या घोडा प्रकल्पातून ज्या मराठी घरांतील मुले या खेळात उतरली आहेत, त्यांच्या आईवडिलांना पहिला घोडा बदलताना या नोंदींचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे. खर्चाचे आकडे आमच्या भागातले आहेत.

८ फेब्रुवारी

पेनी घरी आली. तेरा वर्षांची, तांबूस रंगाची, क्वार्टर हॉर्स जातीची घोडी, उंची १४.३ हात, म्हणजे चार इंचांचा एक असे १४ हात आणि वर ३ इंच, एकूण ५९ इंच. किंमत १४,००० डॉलर. मुलांसाठी खात्रीचा म्हणून विकला जाणारा शर्यतीचा घोडा याहून बराच महाग पडतो. पेनी आमच्या आवाक्यात आली, कारण तिच्यावर आजवर एक अनुभवी, प्रौढ स्वारच बसत आली होती. लहान मूल तिच्या पाठीवर कधी बसलेलेच नव्हते.

खरेदीपूर्वी आमच्या पशुवैद्याकडून तपासणी आणि क्ष-किरण चित्रे करून घेतली. त्याला ९०० डॉलर लागले. प्रत्येक पाय दुमडून थोडा वेळ धरायचा आणि सोडताक्षणी घोडीला दुडक्या चालीने पळवायचे, या चाचणीत मागच्या डाव्या पायाचा मधला सांधा किंचित आखडलेला आढळला. या वयाच्या आणि या खेळातल्या घोडीत तेवढे दिसायचेच, त्यावर नजर ठेवावी लागेल, असे पशुवैद्यांनी स्पष्ट सांगितल्यावर आम्ही होकार दिला. संसर्गजन्य रक्तक्षयाची कॉगिन्स चाचणी केलेली होती आणि तिचा कागद हातात पडल्याशिवाय घोडी ट्रेलरमध्ये चढवली नाही.

विकणाऱ्या बाईंनी जुन्या शर्यतींच्या चित्रफिती दिल्या होत्या. त्या पाहताना घोडीकडे न पाहता स्वाराकडे पाहावे, असे आमच्या प्रशिक्षिकेने सुचवले. चित्रफीत मंद गतीने लावली, तेव्हा ती स्वार पोटरी जेमतेम लावते, वळणाआधी खोल बसते आणि लगामाचा हात जवळपास हलवतच नाही, हे दिसले. आमची लेक यातले काहीही करत नव्हती.

११ फेब्रुवारी

पहिला आठवडा खोगीर घालायचे नाही, असे ठरवले आहे. पेनीला आधीच्या घरी लसूणघास भरपूर मिळत होता. आमच्याकडे कोस्टल बर्म्युडा जातीचे बारीक काड्यांचे वाळके गवत असते. हे गवत एकाएकी सुरू केले तर आतड्यात गोळा होऊन पोटशूळ उठण्याची भीती असते, म्हणून आधीच्या घरच्याच चाऱ्याच्या काही गासड्या विकत आणल्या आणि रोज थोडे थोडे प्रमाण बदलत आहोत. पाणी किती पिते याची खूण बादलीवर करून ठेवतो. मुलीचे घोडीशी जमते की नाही हा प्रश्न नंतरचा; नव्या जागी घोडीचे पोट ठीक राहणे, हे पहिले काम आहे.

१६ फेब्रुवारी

खरारा करण्याचे काम पूर्णपणे मुलीकडे दिले. पहिल्या दोन-तीन दिवसांत तिने गाजराचे तुकडे हातावर ठेवून भरवले आणि पेनी खुशीत आहे असे वाटले; पण लवकरच घोडी मुलीच्या खिशाला तोंड लावू लागली आणि गाजर मिळाले नाही की बाही दातांत धरू लागली. हातावरचा खाऊ त्याच दिवशी बंद केला. गाजर आता फक्त तोबऱ्यात, दाण्याबरोबर.

त्याऐवजी जे केले, त्याचा परिणाम मला अतिशय मोलाचा वाटतो. मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्याच्या किंचित पुढे, आयाळीच्या मुळाशी, बोटांच्या टोकांनी खाजवायचे. कळपातले घोडे एकमेकांना नेमके इथेच दातांनी खाजवतात, आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात या जागी खाजवल्यास घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात असे नोंदवले आहे. मुलीने बरोबर जागा शोधली, तेव्हा पेनीची मान हळूहळू लांब झाली, वरचा ओठ पुढे येऊन थरथरू लागला आणि डोळे अर्धे मिटले. मुलीने हात थांबवला की घोडी मान वळवून तिच्याकडे पाहायची. "आई, तिला अजून हवंय," असे मुलगी म्हणाली. घोडी काय सांगते आहे हे तिने कोणी न सांगता ओळखले, असे त्या दिवशी प्रथम घडले.

एक गोष्ट मात्र खटकली. तंग आवळताना पेनी कान मागे पाडते आणि पोटाकडे मान वळवते. विकणाऱ्या बाईंना फोन केला; "ती पहिल्यापासून तशीच आहे," असे उत्तर मिळाले. नोंद करून ठेवते.

२ मार्च

पहिल्या काही रपेटी झाल्या आणि कठीण गेल्या. जुन्या घोड्याला हलवायला टाचा सतत माराव्या लागत, आणि तोल सांभाळताना टाच दाबण्याची सवय मुलीच्या पायांत बसली आहे. पेनीला पोटरीचा स्पर्शही पुरतो. त्यामुळे मुलीचा तोल गेला की टाच लागते, टाच लागली की घोडी सुटते, घोडी सुटली की मुलगी घाबरून लगाम ओढते, आणि ओढला की घोडी डोके वर फेकते. दोघींना एकमेकींचे काही कळेना.

दोन बदल केले. पहिला, लगामाची तोंडातली कडी. घोडीबरोबर आलेली कडी तरफेच्या दांड्यांची आहे. स्थिर हातात ती उत्तम काम करते, पण अस्थिर हाताचा प्रत्येक हिसका ती वाढवून घोडीच्या तोंडापर्यंत नेते. सरावासाठी मधोमध जोड असलेली साधी कडी घातली (४५ डॉलर) आणि डोके फेकणे त्याच आठवड्यात निम्म्यावर आले. दुसरा, लांब दोरीवरचे धडे. प्रशिक्षिका मध्यभागी दोरी धरून उभी राहते, घोडी तिच्याभोवती दुडकते आणि मुलीच्या हातात लगाम नसतो. रिकिबीही काढून टाकलेल्या. हात कधी डोक्यावर, कधी कमरेवर. एका धड्याचे ६० डॉलर. मुलीला हे कंटाळवाणे वाटते आणि ती तसे सांगतेही, पण लगामाला लोंबकळून तोल सावरण्याची सवय मोडायला याहून चांगला उपाय मला दिसत नाही. आठवड्यातून दोनदा, महिनाभर.

९ मार्च

रिंगणात पिंपे मांडली. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : ५५ गॅलनची तीन रिकामी पिंपे त्रिकोणात ठेवतात आणि त्यांच्याभोवती तिपानी आकाराची धाव घ्यायची असते. पहिले वळण उजवे घेतले तर पुढची दोन डावी, किंवा याच्या उलट. पहिल्या दोन पिंपांत ९० फूट, त्या दोहोंपासून तिसरे १०५ फूट आणि वेळ मोजणाऱ्या रेषेपासून पहिली दोन ६० फूट, हे प्रमाण माप. पिंप पडले तर पाच सेकंदांचा दंड.

पिंपे दिसताच पेनी जागच्या जागी नाचू लागली. तिच्या लेखी पिंप म्हणजे भरधाव. म्हणून धावेचा आकृतिबंध पूर्णपणे बाजूला ठेवला आणि पिंपे रिंगणभर वाकडीतिकडी विखुरली. मुलगी त्यांच्यामधून चालत जाते, एखाद्या पिंपाभोवती मोठे वर्तुळ घेते, मध्येच एखाद्याशेजारी घोडीला थांबवून लगाम पूर्ण सैल सोडते आणि आयाळीच्या मुळाशी खाजवते. घोडीने सुस्कारा टाकला किंवा जीभ-ओठ हलवले, की पुढे निघायचे. सुरुवातीला एकेका पिंपापाशी घोडी शांत व्हायला फार वेळ लागत होता, आणि मुलीने घाई केली नाही याचे मला कौतुक वाटते.

२२ मार्च

जवळच्या गावातील शनिवारच्या स्पर्धेत फक्त सरावाच्या धावेसाठी गेलो. शर्यत सुरू होण्यापूर्वी पाच डॉलर भरून रिंगणात जाता येते आणि वेगाची सक्ती नसते. रिंगणात शिरण्याच्या अरुंद गल्लीत पेनी अडली. पुढे जाईना, मग मागे सरकू लागली, मग पुढचे पाय जमिनीवरून उचलू लागली. फाटकापाशी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी चाबूक पुढे केला. प्रशिक्षिकेने तो घेतला नाही. मुलीला खाली उतरवले, घोडी हाताने धरून गल्लीतून बाहेर आणली आणि आम्ही घरी आलो.

परतीच्या वाटेवर मुलगी रडत म्हणाली, "मी तिला आवडत नाही." माझ्या मनात त्या क्षणी वहीतील जुन्या नोंदी जुळत होत्या : तंग आवळताना पाडलेले कान, अलीकडे तोबऱ्यात उरणारा दाणा, पोटऱ्या लागताच चिडून हलणारी शेपटी. लोक याला फाटकाची अढी म्हणतात आणि शिस्तीचा प्रश्न मानतात. पण एवढ्या खुणा एकत्र असताना आधी घोडीचे पोट तपासले पाहिजे, असे मी मुलीला सांगितले.

२७ मार्च

जठराची दुर्बिणीने तपासणी झाली. त्याआधी रात्रभर घोडीला उपाशी ठेवावे लागले आणि त्या रात्री तिचे भिंतीला पाय मारणे ऐकवत नव्हते. खर्च ३५० डॉलर. जठराच्या वरच्या भागात, जिथे आम्लापासून बचाव करणारे अस्तर नसते, तिथे व्रण स्पष्ट दिसले. पशुवैद्यांनी मुलीला पडद्यावर ते बोट ठेवून दाखवले.

कारण समजून घेण्यासारखे आहे. घोड्याच्या जठरात आम्ल सतत स्रवत असते, मग तो खात असो वा नसो. पोट रिकामे असताना भरधाव पळवले की आतले आम्ल वर उसळते आणि अस्तर नसलेल्या भागाला लागते. प्रवास, नवी जागा, कळप तुटणे यांचा ताण त्यात भर घालतो. शर्यतीच्या घोड्यांत हा आजार सर्रास आढळतो आणि पेनीच्या वाट्याला ही सगळीच कारणे आली होती. तंग आवळणे म्हणजे दुखऱ्या भागाजवळ दाब, आणि गल्ली म्हणजे पुढच्या वेदनेची सूचना. ती अडली नसती तरच नवल.

ओमेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधाची पेस्ट २८ दिवस, रोज सकाळी उपाशीपोटी, त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने चारा. सगळे मिळून सुमारे ९५० डॉलर. धावणे बंद. तपासणी करून घेण्याची सूचना मी फेब्रुवारीतच केली असती तर दीड महिना वाचला असता, म्हणून वाचणाऱ्यांना आग्रहाने सांगते : तंग आवळताना घोडी कान पाडत असेल, तर "ती तशीच आहे" हे उत्तर स्वीकारू नका.

एप्रिल, बहुतेक महिना

या काळातल्या रोजच्या नोंदी छोट्या आहेत, म्हणून एकत्र देते. वेळेच्या हिशेबाने हा महिना वाया गेला. दोघींच्या ओळखीच्या हिशेबाने याच महिन्यात सर्वाधिक काम झाले.

मुलगी रोज सकाळी औषध देते. पेस्टची नळी पाहून पेनी तोंड वर करायची, म्हणून मुलीने नळी रिकामी असतानाही दिवसातून काही वेळा ओठांच्या कडेला लावून लगेच काढून घेण्याचा सराव केला. घोडी डोके स्थिर ठेवते त्या क्षणी हात मागे. दाब सोडण्याची वेळच घोड्याला शिकवते, हे वाक्य प्रशिक्षिका नेहमी म्हणते, पण ते मुलीच्या हाताला समजले या नळीमुळे. याच महिन्यात लगामावरचा तिचा हातही आपोआप हलका झाला.

संध्याकाळी शाळेतून आल्यावर दोरी धरून कुरणात चारायला नेणे, एवढाच कार्यक्रम. नियम एकच : दोरी ताणली जाता कामा नये. मुलगी थांबली की घोडीने थांबायचे, मुलगी वळली की वळायचे, आणि घोडी चुकली तर ओढायचे नाही, खांद्याला बोट लावून जागा मागायची. महिनाअखेर मुलगी फाटकापाशी आली की पेनी कुरणाच्या दुसऱ्या टोकाहून चालत येऊ लागली. हातात खाऊ नसतानाही येते, हे मी मुद्दाम तपासून पाहिले.

महिन्याच्या शेवटी पुन्हा दुर्बीण घातली. व्रण भरले आहेत. औषध हळूहळू कमी करायचे, आणि यापुढे रपेटीपूर्वी थोडा लसूणघास नक्की द्यायचा. त्यातल्या कॅल्शियममुळे आम्लाला उतारा मिळतो आणि पोटही रिकामे राहत नाही.

१० मे

तंग आवळताना कान पडणे जवळजवळ थांबले. मात्र डाव्या वळणावर पेनी पाठ खाली दाबते आणि मान ताठ करते, ते कायम आहे. पोट बरे झाल्यावरही उरलेली ही खूण शोधायला सर्वात स्वस्त उपाय कामी आला. उन्हात चांगली घामाघूम होईल अशी रपेट करून मी खोगीर आणि त्याखालचे नमदे सरळ वर उचलले. पाठ सर्वत्र ओली, आणि मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्याच्या खाली दोन्ही बाजूंना तळहाताएवढे दोन कोरडे ठिपके, डावीकडचा मोठा. ज्या जागी खोगिराचा दाब अति असतो तिथे घाम येऊ शकत नाही, म्हणून ती कोरडी राहते. केस बाजूला करून पाहिले, तर तिथे बारीक पांढरे केसही उगवू लागले होते.

हे खोगीर मुलीचे जुने, मुलांच्या मापाचे. बैठक मुलीला अचूक बसते, पण आतला लाकडी सांगाडा अरुंद घोड्यासाठी बनवलेला. पेनीचे खांदे रुंद आहेत. खोगीर घेताना आम्ही मुलीचे माप पाहिले होते, घोडीचे नाही. नमदा जाड करून पाहिला, तर दाब आणखी वाढला. घट्ट जोड्यात जाड मोजे घालण्यातलाच तो प्रकार झाला.

२४ मे

रुंद सांगाड्याचे, १३ इंच बैठकीचे वापरलेले खोगीर १,४५० डॉलरला मिळाले. जुने विकून ४०० डॉलर परत आले. विक्रेत्याने ते आठवडाभर वापरून पाहू दिले, आणि अशी मुभा नसेल तर वापरलेले खोगीर घेऊ नये असे माझे मत आहे. मुलीच्या पायांसाठी रिकिबीच्या पट्ट्यांना वरच्या बाजूला जादा भोके पाडून घ्यावी लागली. पुन्हा घामाची परीक्षा : दोन्ही बाजू सारख्या ओल्या. डावे वळण दोन-तीन रपेटींतच सैल झाले.

१ जून

आता पिंपे मूळ जागी, चाल दुडकी. येथून पुढचे प्रश्न घोडीचे कमी आणि मुलीचे जास्त आहेत.

पेनीला वळणाआधी स्वतःहून आवरून घेण्याची पक्की सवय आहे. पिंपाच्या तीन-चार पावले आधी ती मागचे पाय खाली घेते. मुलीला याची चाहूल लागत नाही, ती पुढे फेकली जाते, तिचा लगामाचा हात मानेवर आदळतो आणि घोडीला वाटते वळायचे आहे. परिणामी वळण लवकर, पिंपाला गुडघा. आम्ही जमिनीवर खुणेसाठी शंकू ठेवले. शंकूपाशी मुलीने मोठ्याने श्वास सोडायचा, खोल बसायचे आणि मोकळ्या हाताने खोगिराचे शिंग, म्हणजे बैठकीच्या पुढचा उभा खुंट, पकडून स्वतःला मागे ढकलायचे. श्वास सोडताना शरीर आपोआप खाली बसते आणि पाठीवर ते घोडीला जाणवते. थोड्याच दिवसांत पेनी त्या श्वासावरच आवरून घेऊ लागली, म्हणजे शंकू काढून टाकता आले. मुलीने घोडीची सवय ओळखली आणि घोडीनेही मुलीची खूण उचलली.

दुसरा प्रश्न नजरेचा. मुलगी पिंपाकडे पाहते आणि जिकडे डोके, तिकडे खांदा, तिकडे घोडी. वळणात शिरताना पिंपाच्या बाजूला पाच-सहा फुटांची मोकळी जागा लागते. तिथे मी स्वतः उभी राहून बोटे दाखवायची आणि मुलीने किती बोटे ते ओरडून सांगायचे. नजर पिंपावरून हलली.

१४ जून

गल्लीचा प्रश्न नव्याने हाती घेतला. पोट आणि पाठ बरी झाली तरी आठवण उरतेच. म्हणून स्पर्धेच्या ठिकाणी जायचे, ट्रेलरमधून उतरवायचे, गवताची जाळी टांगायची आणि काहीही न करता परत यायचे. पुढच्या वेळी गल्लीत चालत जायचे आणि थांबायचे. त्यापुढच्या वेळी रिंगणाच्या मध्यापर्यंत जाऊन लगाम सैल सोडून उभे राहायचे, खाजवायचे आणि चालत बाहेर. दर वेळी पाच डॉलर आणि ट्रेलरचे इंधन. आजूबाजूचे लोक विचारतात की पैसे भरून नुसते उभे का राहता. आज पेनी गल्लीत कान पुढे करून चालत गेली.

या खेळात एक प्रसंग सगळे सांगतात. शार्मेन जेम्स आणि तिचा घोडा स्कॅम्पर यांनी १९८४ ते १९९३ अशी सलग दहा वर्षे जागतिक अजिंक्यपदे जिंकली. पहिले मिळाले तेव्हा ती १४ वर्षांची होती. १९८५ साली लास व्हेगासच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत, सातव्या फेरीत, घोड्याच्या डोक्यावरचा लगाम निसटला आणि तरीही त्या जोडीने ती फेरी जिंकली. मुलीने हे ऐकले आणि लगामाशिवाय धावायचा हट्ट धरला. तो साफ नाकारला. मात्र त्या प्रसंगातला शिकण्याजोगा भाग घेतला : घोडा बैठकीवर वळत होता. गोल कुंपणात, केवळ चालीवर, लगाम हातात सैल ठेवून आणि मानेभोवती दोरी बांधून मुलगी आता बैठकीने आणि पोटरीने पेनीला वळवते. हेल्मेट डोक्यावर असतेच. रिंगणात आणि घरी दोन्हीकडे.

१२ जुलै

उन्हामुळे सराव सूर्योदयापूर्वी. नाव नोंदवून पहिली खरी धाव : १९.८ सेकंद, पिंपे उभी. प्रवेश शुल्क ३० डॉलर. येथील स्पर्धा वेगानुसार विभागलेल्या असतात. सर्वात जलद वेळेच्या पुढे ठरावीक अंतरावर खालचे विभाग सुरू होतात, त्यामुळे नवख्या जोडीलाही आपल्या बरोबरीच्यांत स्थान मिळते. आम्ही शेवटच्या विभागात होतो. घोडी याहून दोन सेकंद लवकर येऊ शकते हे माहीत आहे आणि प्रशिक्षिकेने मुलीला तसे मागायला सध्या मनाई केली आहे.

२६ जुलै

दुसरे पिंप पडले. चित्रफीत पाहिली : पहिले वळण छान झाले, त्या आनंदात मुलीने टाच दिली, श्वासाची खूण दिली नाही आणि पेनी वाट पाहत राहिली. घोडीने स्वतःहून आवरले नाही, कारण आता तिला मुलीच्या खुणेची सवय झाली आहे. या बदलाची किंमत पाच सेकंद. मला ती योग्य वाटते. पण मुलीला समजावताना हेच सांगावे लागले की तुझी घोडी आता तुझे ऐकते, म्हणून तुला दर वेळी सांगावे लागेल. बाहेर आल्यावर तिने आधी तंग सैल केला, पाणी दाखवले आणि मग वेळ विचारली. क्रम तिनेच ठरवला.

९ ऑगस्ट

नालबंद येऊन गेला (दर सहा आठवड्यांनी, १६० डॉलर). मागच्या डाव्या सांध्याची फेरतपासणी झाली; फरक नाही, इंजेक्शनची गरज सध्या नाही. आतापर्यंत घोडीच्या किमतीव्यतिरिक्त ठळक खर्च असे : तपासण्या आणि औषध मिळून २,२०० डॉलर, खोगिरात निव्वळ १,०५० डॉलर, धड्यांचे ९०० डॉलरच्या आसपास. चारा, नाल आणि इंधन वेगळे.

उरलेले काम : पहिल्या, उजव्या वळणात पेनी अजून खांदा आत टाकते आणि मुलीचा उजवा हात त्याच वेळी खाली जातो, कोणामुळे कोण, हे अजून कळलेले नाही. म्हणून पुढचे काही आठवडे उजवी वर्तुळे फक्त दुडक्या चालीवर, हात आयाळीच्या मधोमध टेकवून. शाळा सुरू होत आहे, त्यामुळे सराव आठवड्यातून तीन दिवस आणि पूर्ण धाव त्यातल्या एकाच दिवशी, तीही एकदाच. लागोपाठ दोन शनिवार-रविवार स्पर्धा घ्यायच्या नाहीत, आणि प्रवासाच्या दिवसांत ओमेप्राझोलची कमी मात्रा पशुवैद्यांच्या सल्ल्याने चालू ठेवायची.